१९४९ च्या कॅडिलॅकचा डावा मडगार्ड: अमेरिकेचे सुटे भाग आणि भोसरीचा पत्रा

पुण्यात राहून जुन्या अमेरिकन आलिशान मोटारीचे पत्र्याचे भाग कसे मिळवावेत, या प्रश्नाची चार उत्तरे मला सांगण्यात आली होती: जुना बाजार, अमेरिकेत नव्याने बनवलेला नकलेचा माल, अमेरिकेतीलच जुना अस्सल माल आणि आपल्या गावातील पत्र्याचा कारागीर. गेल्या अडीच वर्षांत मी चारही वाटांनी गेलो आणि चारही ठिकाणी पैसे मोजले. कोणत्या भागासाठी कोणती वाट धरावी, याबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे. काम हाती घेण्यापूर्वी असे काही मराठीत वाचायला मिळाले असते, तर माझा एक अख्खा पावसाळा आणि बरीच मोठी रक्कम वाचली असती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडी १९४९ ची कॅडिलॅक आहे, सिरीज ६२, चार दारांची. माझ्या सासऱ्यांनी ती एका परदेशी वकिलातीतील अधिकाऱ्याकडून घेतली होती, त्यामुळे तिचे स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे. या मॉडेलचे महत्त्व दोन गोष्टींत आहे. ३३१ घन इंचांचे आणि १६० अश्वशक्तीचे नवे व्ही-८ इंजिन कॅडिलॅकने याच वर्षी आणले, आणि मागील मडगार्डांच्या टोकाला उंचावलेले फिन (माशाच्या परासारखे उंचवटे) हे या गाडीचे ओळखचिन्ह त्याआधी एकच वर्ष, म्हणजे १९४८ मध्ये, अवतरले होते. लॉकहीडच्या पी-३८ या दुहेरी शेपटाच्या लढाऊ विमानावरून कॅडिलॅकच्या मूळ कंपनीच्या, म्हणजे जनरल मोटर्सच्या, रचनाकारांना ते सुचले. हे फिन दिसायला अत्यंत साधे आहेत, १९५९ च्या गाडीसारखे आकाशाकडे झेपावणारे नाहीत, परंतु मडगार्डाच्या गोलाईतून ते ज्या रीतीने हळूच वर येतात, ती रीत हातोडीने पुन्हा साधणे किती कठीण आहे हे मला नंतर समजले.

कर्वे रस्त्यामागच्या बंगल्याच्या शेडमध्ये गाडी एकतीस वर्षे उभी होती. शेडचा पत्रा नेमका डाव्या मागच्या कोपऱ्यावर गळत असल्यामुळे उजवी बाजू जवळपास शाबूत राहिली आणि डाव्या मागील मडगार्डाचा खालचा अर्धा भाग, त्यालगतचा दाराखालचा उंबरा आणि डिकीचा तळ हे सर्व गंजून गेले. वरचा अर्धा भाग मात्र शाबूत वाटत होता. रंग खरवडला तेव्हा खाली जवळजवळ बोटभर जाडीची लांबी (खड्डे बुजवण्याची पुट्टी) निघाली आणि कधी काळी तेथे कोणीतरी गाडी ठोकली होती हे उघड झाले. म्हणजे फिनचा मूळ आकार डाव्या बाजूला उरलाच नव्हता.

जुन्या बाजाराबद्दल थोडक्यातच सांगतो. मंगळवार पेठेजवळ बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारात मी चार महिने नियमाने गेलो. फियाट आणि अॅम्बॅसॅडरचे सामान तेथे मुबलक मिळते, आणि अमेरिकन म्हणून जे पुढे येते ते बहुतेक वेळा डॉज, प्लायमाउथ किंवा डिसोटो यांचे असते. याचे कारण इतिहासात आहे. प्रीमियर कंपनी कुर्ल्याला या क्रायस्लर घराण्याच्या गाड्या जोडत असे, आणि जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद होईपर्यंत तेथून शेवरोलेसारख्या गाड्या बाहेर पडत. कॅडिलॅक मात्र आपल्याकडे मोजक्याच आल्या, तेव्हा त्यांचा पत्रा भंगारात सापडण्याची आशा धरणे व्यर्थ आहे. इंची आट्यांचे नट-बोल्ट मात्र बोहरी आळीत चिकाटीने विचारत फिरल्यावर मिळाले आणि चांगल्या प्रतीचे मिळाले. अमेरिकन गाडीला मिलिमीटरचे बोल्ट बळेच फिरवून मूळ आटे मारून टाकणारे गॅरेजवाले मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

दुसरी वाट नव्या नकलेच्या मालाची. अमेरिकेत या वर्गातल्या गाड्यांसाठी पूर्ण मडगार्ड नव्याने कोणी ठोकून देत नाही. जे मिळते ते खालच्या भागाचे तुकडे, उंबरे आणि तळाचे पत्रे, आणि तेही लहान कारखान्यांत, साध्या वाकवण्याच्या यंत्रावर तयार केलेले असतात. मी एका पुरवठादाराकडून डाव्या मडगार्डाचा खालचा तुकडा, डावा उंबरा आणि डिकीच्या तळाचा पत्रा मागवला. तळाचा पत्रा ठीक होता. तेथे सरळ खाचा आणि सपाट भाग असतात, त्यामुळे वाकवण्याच्या यंत्राला ते जमते. उंबरा लांबीला थोडा कमी होता, तरी तो वापरता आला. मडगार्डाचा तुकडा मात्र पूर्णपणे निरुपयोगी निघाला. मूळ पत्रा १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा होता आणि आलेला तुकडा २० गेजचा, ०.९ मिलिमीटरचा होता. एवढ्या फरकाच्या दोन पत्र्यांचा सांधा वेल्डिंगच्या उष्णतेने हमखास पातळ बाजूला ओढला जातो आणि तेथे लाट उठते. त्याहून मोठा दोष आकाराचा होता. हा मडगार्ड दोन्ही दिशांनी वळलेला आहे, वरून खाली आणि पुढून मागे, तर तुकड्याला एकाच दिशेचा वळसा दिलेला होता. गाडीवर धरून पाहिल्यावर मध्यभागी बोट जाईल एवढी फट राहिली. परत पाठवण्याची मुभा कागदावर होती, परंतु वाहतुकीचा खर्च माझ्या माथी असल्याने त्या मुभेला अर्थ उरला नाही.

वाहतुकीचे गणित येथेच सांगितले पाहिजे, कारण किंमत पाहून मागणी नोंदवणारे पुष्कळ जण त्यातच फसतात. विमानाने माल पाठवणाऱ्या कुरिअर कंपन्या वजन आणि आकारमान यांतले जे जास्त भरेल त्यावर भाडे लावतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला ५,००० ने भागले की आकारमानाचे वजन निघते. एक पूर्ण मडगार्ड २०० बाय ७० बाय ५० सेंटिमीटरच्या खोक्यात बसतो असे धरले, तर त्याचे प्रत्यक्ष वजन पंधरा-वीस किलोच असूनही भाडे १४० किलोचे भरावे लागते. समुद्रमार्गे तोच खोका ०.७ घनमीटर भरतो आणि पुष्कळच स्वस्त पडतो, पण मग न्हावा शेवा बंदरातील सोपस्कार आणि एजंटाची फी येते. खोका लाकडी असेल तर ते लाकूड कीडमुक्त केल्याचा आयएसपीएम-१५ चा शिक्का त्यावर असावाच लागतो. विक्रेत्याला हे आधी लेखी कळवावे. वापरलेल्या मालाच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध असून त्यासाठी परवानगीची अट आहे, म्हणून जुना अस्सल भाग मागवण्यापूर्वी कस्टमच्या जाणकाराशी बोलल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

तिसरी वाट म्हणजे जुना अस्सल पत्रा. येथे माहिती जितकी नेमकी तितके काम सोपे होते. नुसते ‘१९४९ ची कॅडिलॅक’ असे सांगून भागत नाही. बॉनेट उघडल्यावर इंजिन आणि केबिन यांच्यामधील भिंतीवर गाडीची बॉडी बनवणाऱ्या फिशर बॉडी कंपनीची एक छोटी पट्टी दिसते. आमच्या गाडीच्या पट्टीवर ४९-६२६९ हा आकडा आहे, म्हणजे १९४९ ची सिरीज ६२, चार दारांची सेडान. दोन दारांच्या कूपेची दारे लांब असतात आणि ती सेडानला बसत नाहीत. १९५० मध्ये संपूर्ण बॉडी बदलली, त्यामुळे एका वर्षाने नवी असलेल्या गाडीचा पत्राही उपयोगाचा नाही. उलट १९४८ आणि १९४९ ही भावंडे आहेत, जरी त्यांचे ग्रिल आणि डॅशबोर्ड वेगळे असले तरी. त्या काळी जनरल मोटर्स एकच सांगाडा ओल्ड्समोबिल ९८ लाही वापरत असे, पण मागचे मडगार्ड हीच तर कॅडिलॅकची ओळख असल्यामुळे ते तिच्याच अंगावरून घ्यावे लागतात. विक्रेता कोणत्या राज्यातला आहे हेही विचारावे. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि तेथील गाड्यांचे खालचे पत्रे आपल्या कोकणातल्या गाड्यांसारखे खाऊन जातात. अॅरिझोनासारख्या कोरड्या राज्यातला पत्रा महाग असला तरी त्याला पर्याय नाही.

पूर्ण मडगार्ड मला परवडला नाही, हे स्पष्ट सांगतो. अॅरिझोनातील एका विक्रेत्याकडे तो होता, किंमतही रास्त होती, परंतु वर सांगितलेले वाहतुकीचे गणित मांडल्यावर मी माघार घेतली. मागे वळून पाहता ते बरेच झाले, कारण त्यामुळेच मी चौथ्या वाटेकडे वळलो.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे काम करणारी एक छोटी कार्यशाळा आहे. वर्षाला दोनपेक्षा अधिक जुन्या गाड्या ते घेत नाहीत आणि नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून ते देत नाही. पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या मंडळींत चौकशी केल्यास पत्ता कळेल. तेथील मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत आणि पूर्वी बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात होते. मी नकलेचा तुकडा दाखवला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन नुसता वाकवून पाहिला आणि बाजूला ठेवला. “साहेब, हा पत्रा राहू द्या. उजवा मडगार्ड चांगला आहे ना, मग तोच आपला नकाशा,” असे ते म्हणाले.

पुढचे सहा आठवडे मी पाहिले ते काम पुण्यात अजून होते याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांनी उजव्या मडगार्डावर दर दहा सेंटिमीटरवर खूण केली आणि प्रत्येक खुणेला हार्डबोर्डचा फर्मा कापून वळसा उतरवून घेतला. मग तेच फर्मे उलटे करून एका लाकडी पाट्यावर ओळीने उभे केले, त्यामुळे डाव्या मडगार्डाचा पोकळ सांगाडा डोळ्यांसमोर उभा राहिला. १.२ मिलिमीटरची, खोल ओढता येईल अशा प्रतीची सीआर शीट, म्हणजे थंड लाटलेला पोलादी पत्रा, आणली. वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने आधी खोलगटपणा आणला, मग इंग्लिश व्हीलवर (दोन चाकांमध्ये पत्रा दाबून वळवण्याच्या यंत्रावर) शेकडो वेळा फिरवून तो गुळगुळीत केला, आणि प्रत्येक फेरीनंतर पत्रा फर्म्यावर टेकवून उजेड कोठून येतो ते पाहिले. जेथे पत्रा जास्त ताणला गेला तेथे बत्तीने लाल करून, ठोकून, ओल्या फडक्याने आकसवला. मडगार्ड एका तुकड्यात न करता त्यांनी चार तुकडे केले आणि सांधे गॅसने, त्याच शीटच्या कापलेल्या पट्ट्या वितळवून जोडले. या सांध्यावर गरम असतानाच हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा पोलादी ठोकळा) चालवता येते, त्यामुळे घासायला फारसे काही उरत नाही. कारखान्यात १९४९ साली अशा सांध्यांवर शिसे चढवत असत. आम्हीही दोन ठिकाणी शिसेच वापरले आणि लांबीचा थर मिलिमीटरच्या आत ठेवला.

अडचण आली ती शेवटच्या वीतभर भागात. उजवी बाजू उलटी केली की डावी मिळते, हे या गाडीच्या बाबतीत एका ठिकाणी खोटे ठरते. कॅडिलॅकमध्ये पेट्रोलच्या टाकीचे तोंड डाव्या मागील दिव्याखाली लपवलेले असते. दिवा बिजागरीवर वर उचलायचा आणि खालचे झाकण फिरवून पेट्रोल भरायचे, अशी ती रचना आहे, आणि नवख्या माणसाला पेट्रोल कोठे भरावे हे सापडत नाही. त्यामुळे डाव्या फिनच्या टोकाला आत एक खोबण, बिजागरीची बैठक आणि टाकीच्या नळीचे भोक असते. उजव्या बाजूला यांतले काहीच नाही. आमच्या जुन्या मडगार्डात ती बैठक गंजून आणि ठोकरीने वेडीवाकडी झालेली होती. मिस्त्रींनी अंदाजाने करण्यास नकार दिला आणि त्यासाठी मी त्यांचा आभारी आहे.

या वीतभर भागासाठी अमेरिकेचा जुना माल अखेर कामी आला. पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी दर ऑक्टोबरमध्ये जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची फार मोठी जत्रा भरते. मैदानांत हजारो विक्रेते आपापले सामान मांडून बसतात. पुण्यात ज्या घरचे कोणी अमेरिकेत नाही असे घर विरळाच. माझा भाचा न्यू जर्सीला आहे. त्याला मी फोटो, मापे आणि ४९-६२६९ हा आकडा लिहून दिला. दोन दिवस फिरून त्याने एका भंगार गाडीतून कापलेले डाव्या फिनचे टोक दिव्याच्या घरासकट शोधून काढले. सुमारे चाळीस सेंटिमीटर लांबीचा तो तुकडा त्याने दिवाळीला येताना सामानातून आणला, विमानतळावर तो जाहीर केला आणि शुल्क भरून पावती घेतली. तो पत्रा आम्ही जसाच्या तसा जोडलेला नाही. त्याच्या कडाही गंजलेल्या होत्या. त्यावरून बैठकीचा साचा घेतला, बिजागरी तेवढी अस्सल वापरली आणि बाकी भाग भोसरीतच घडवला.

दिव्याचे घर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव आहे आणि अशा ओतीव भागांचा स्वभाव पत्र्याहून वेगळा असतो. त्यावरच्या क्रोमला फोड येतात आणि फोडाखाली धातू आतून पोखरलेला निघतो. प्रत्येक खड्डा स्वच्छ कोरून, तांब्याचा जाड थर चढवून, घासून, पुन्हा तांबे, मग निकेल आणि शेवटी क्रोम असा क्रम पाळावा लागतो. भोसरीतल्याच एका प्लेटिंगवाल्याने हे काम केले. पहिल्या खेपेस त्याने तांब्याचा थर घाईने उरकला आणि कडांवर धार बोथट झाली. दुसऱ्या खेपेस, मी शेजारी उभा राहिल्यावर, काम निर्दोष झाले. स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांना असा त्रास नाही. त्या ठोकून सरळ होतात आणि बफवर चकाकतात.

दारांच्या आणि डिकीच्या कडांना लागणाऱ्या रबराच्या बाबतीत मात्र बाहेरून मागवण्यावाचून गत्यंतर नाही, असे माझे ठाम मत आहे. आपल्या बाजारातले मीटरवर मिळणारे बीडिंग दाराला चिकटवता येते, पण त्याचा छेद वेगळा असल्याने दार एक तर लागत नाही, नाही तर पाणी आत येते. नॉर्थ कॅरोलायनातील स्टील रबर ही कंपनी जुन्या अमेरिकन गाड्यांसाठीच हे काम १९५८ पासून करते आहे. त्यांच्याकडून मागवलेली दारांची आणि डिकीची रबरे पहिल्याच वेळी जागेवर बसली. वजन कमी आणि गुंडाळी लहान, त्यामुळे कुरिअरचे भाडेही झेपणारे होते. या मालाला मी पूर्ण गुण देईन.

भोसरीच्या कार्यशाळेबद्दलच्या तक्रारीही लिहिल्या पाहिजेत. लेखी अंदाजपत्रक मिळत नाही. मडगार्डाला सहा आठवडे सांगितले होते ते त्यांनी पाळले, परंतु उंबऱ्याच्या कामाला दोन महिन्यांऐवजी पाच महिने लागले, कारण मधेच दुसरी गाडी आली. प्रायमर मारण्यापूर्वी गाडी पाहायला बोलवा असे दोनदा सांगूनही एकदा परस्पर मारला गेला आणि तो काढून सांधा तपासावा लागला. मडगार्डाच्या आतल्या बाजूला गंजरोधक लावण्याची कल्पना मलाच द्यावी लागली. बाहेरचा वळसा केसभर चुकू न देणारा माणूस आतल्या बाजूकडे दुर्लक्ष करतो, याचे मला वाईट वाटले, कारण पुण्याच्या पावसात गंज आतूनच सुरू होतो. तेव्हा गाडी सोडून घरी बसणाऱ्याने येथे जाऊ नये. आठवड्यातून एकदा चक्कर मारण्याची तयारी असेल, तर घडवलेला पत्रा कोणत्याही नकलेच्या मालाहून सरस मिळेल. खर्चही सांगतो: नकलेचा निरुपयोगी तुकडा त्याच्या वाहतुकीसह मला जेवढ्याला पडला, त्याच्या दुपटीहून थोड्या अधिक मजुरीत पूर्ण मडगार्ड तयार झाला.

मूळ आकाराचा एवढा आग्रह कशासाठी, असे मला घरातही विचारण्यात आले. त्याचे एक व्यावहारिक कारण आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ज्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची स्वतंत्र नोंदणी आणली, त्यांत गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत बदल केलेला नसावा अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. सोयीसाठी टाकीचे तोंड मडगार्डाच्या बाजूला काढून देतो, असे एका गॅरेजने मला सुचवले होते. तसे केले असते तर दिव्याखालची ती सुंदर युक्ती गेलीच असती, शिवाय गाडीच्या मूळपणावरही प्रश्न उभा राहिला असता.

गेल्या महिन्यात रंगाआधी मडगार्ड शेवटचा तपासला. दिवा खाली सोडला की तो फिनच्या कडेशी चारही बाजूंनी सारख्या फटीने बसतो, उचलला की वरच थांबतो, आणि टाकीचे झाकण हाताला न खरवडता निघते. उजवा आणि डावा फिन मागून एकाच दोरीत दिसतात. आता मागील बंपरचे डावे टोक तेवढे राहिले आहे. ते जाड पोलादाचे असल्याने हातोडीने घडणार नाही आणि त्याला गंजलेले असले तरी अस्सलच लागेल. या ऑक्टोबरसाठी भाच्याला मी मापे पाठवली आहेत.